रुमालाखालचा हात

सिद्रामनं माझी चार बोटं धरली तेव्हा मला आधी वाटलं, म्हातारा झालाय, चुकला. आज रुमालाखाली दोनच गोष्टी करायच्या होत्या. गल्ली बांधकाम कंपनीला द्यायची असेल तर नुसता माझा अंगठा धरायचा, द्यायची नसेल तर आपली मूठ माझ्या तळव्यावर ठेवायची. आमच्या व्यापारी संघाचा अध्यक्ष प्रभंजन, त्यानं हे सगळ्यांसमोर एकदा मराठीत सांगितलं होतं, एकदा कन्नडमध्ये, आणि मग शंका नको म्हणून स्वतःचा अंगठा आणि स्वतःची मूठ वर करून दाखवली होती. वयानं मोठा म्हणून पहिला मान सिद्रामचा, मला अप्पा न म्हणता अजून हणम्या म्हणणारा गल्लीत तो एकटाच. तो धान्याचा व्यापारी, माझ्या कापडाच्या दुकानासमोरच त्याची पोती. त्याचा हात मी माझ्या बायकोच्या हातापेक्षा जास्त वेळा धरलाय, हे ती जिवंत असताना ती स्वतःच पाहुण्यांना सांगायची. तो हात चुकत नाही. आणि मी हा विचार करतोय तोवर माझ्या हातानं, मला न विचारता, त्याची तीन बोटं धरलेली होती. सिद्राम जरा थांबला. मग माझ्या तळव्यावर त्यानं हलकी थाप मारली, म्हणजे कबूल. हात बाहेर काढला, धोतराला पुसला, आणि माझ्याकडे न बघता जाऊन आपल्या पोत्यावर बसला. मी गादीवर तसाच. हात आत, तोंड बंद. पुढचा माणूस पायरीवर चपला काढत होता.

परक्याला हे समजावून सांगायला हवं. पूर्वी इकडच्या बाजारात भाव तोंडानं ठरत नसे. घेणारा आणि देणारा एका रुमालाखाली हात घालत आणि एकमेकांची बोटं धरत. जेवढी बोटं तेवढा भाव. वरून दोघं पावसापाण्याच्या गप्पा मारत, आणि खाली बोटं भांडत. भोवती शंभर माणसं उभी असली तरी कुणाला पत्ता नाही. ह्याला हत्ता म्हणत. सरकारनं पुढे हत्ता बंद केला, शेतकऱ्याला फसवतात म्हणून, आणि खरंच फसवत. पण पद्धत मेली म्हणून हात थोडेच मरतात? आमच्या गल्लीनं ती निवडणुकीला लावली. त्याआधी हात वर करून बघितलं होतं. पण ज्याच्याकडून माल उचलायचा त्याच्यासमोर विरोधात हात वर करायला माणसाचा खांदा तयार होत नाही. मग चिठ्ठ्या टाकून बघितल्या. गल्लीत एकमेकांची अक्षरं सगळ्यांना पाठ, आणि एकानं तर फुलीच्या वळणावरून माणूस ओळखला, हाणामारी झाली. तेव्हा माझे वडील म्हणाले, रुमाल टाका. गल्लीतला एक माणूस गादीवर बसेल, सगळे एकेक करून त्याच्या हातात आपलं मत देतील, तो निकाल सांगेल, आणि कुणाचं काय हे मरेपर्यंत बोलणार नाही. वडिलांच्या मागं ते काम माझ्याकडे आलं. मी एक नंबरचा थापाड्या, हे आमच्या दुर्गदबैल बाजारात हातगाडीवाल्यांनाही ठाऊक आहे. पण लोक म्हणतात, अप्पा तोंडानं खोटं बोलतो, हातानं नाही.

रुमाल टाकला की दोन नियम. शेवटचं मत पडेपर्यंत हात बाहेर काढायचा नाही, आणि तोंडातून मताबद्दल शब्द काढायचा नाही. माझ्या आजोबांचा हात एकदा असाच रुमालाखाली असताना आत विंचू शिरला. त्यानं नांगी मारली. आजोबांना वाटलं, समोरच्यानं एक बोट धरलं. भाव फारच कमी, म्हणून त्यांनी आपली दोन बोटं पुढं केली. विंचवानं पुन्हा एकदाच मारली. असं करत करत शेवटी विंचू दीडवर आला आणि आजोबांनी मिरचीची सबंध गाडी त्याला देऊन टाकली. ही गोष्ट मी गिरमिटाच्या, म्हणजे आमच्याकडच्या भेळीच्या, गाड्यावर सांगतो तेव्हा हसतात. हसू देत. मला आज ह्या क्षणी आजोबांचा हेवा वाटत होता. त्यांच्या हाताला निदान विष कुठून येतंय ते कळत होतं.

दुसरा हात आत आला. भांड्याच्या दुकानाचा, पितळेच्या वासाचा. हाच माणूस आठवडाभर चहाच्या टपरीवर ओरडत होता, माझ्या मढ्यावरून बुलडोझर न्या म्हणून. मी तळवा उघडा ठेवला, मुठीसाठी जागा करून दिली. त्याची बोटं माझ्या तळव्यावरून आंधळ्यासारखी फिरली, अंगठ्यापाशी थांबली नाहीत, आणि त्यांनी माझी पाच बोटं एकदम पकडली. वरून तो छताकडं बघत होता. चेहऱ्यावर तेच, मढं. मी हात घट्ट ठेवला. ह्या वेळी काही करायचं नाही, असं मी हाताला बजावलं, जसं बैलाला बजावतात. तो वाट बघत राहिला. रुमालाखाली वाट बघणं म्हणजे सुद्धा एक बोलणं असतं. न हलणारा हात म्हणजे, जास्त सांगितलंस. त्यानं एक बोट सोडलं. मी हललो नाही. त्यानं अजून एक सोडलं, आणि मग स्वतःच थाप मारून निघून गेला, समाधानानं.

तेव्हा मला कळलं. परवाच्या सभेत कंपनीची ती मुलगी, अश्विनी, लॅमिंग्टन रोडच्या शाळेत शिकलेली, आपल्याच गावची, भिंतीवर चित्रं दाखवून बोलली होती. सगळी गल्ली पाडायची, तिथं सात मजल्यांचा गार बाजार, सरकत्या जिन्यांचा. आम्हाला वर कुठंतरी काचेची खोली नाहीतर रोख. संघानं बहुमतानं होकार द्यायला हवा, तोही सबंध गल्ली देण्याचा, कारण गल्लीच्या मधला एखादा दात राहिला तर कवळी बसत नाही. हे तिचे शब्द नव्हेत, माझे. तिचे शब्द असे होते, की मोबदला सरसकट नसतो काका, दुकानाचं तोंड बघून असतो, तेव्हा प्रत्येकाशी वेगळं बोलू. ती हे साध्या मनानं बोलली. तिच्या जगात वेगळं बोलणं म्हणजे गार खोलीत, टेबलाच्या दोन बाजूंना, पाण्याची बाटली मध्ये ठेवून. आमच्या गल्लीत माणूस माणसाशी वेगळं बोलतो अशी जागा एकच आहे, ती माझ्या मांडीवर पसरलेली होती. कुणी कुणाला सांगितलं नसणार. कुणी कट केला नसणार. प्रत्येकानं आपल्या गादीवर बसून आपापलं समजून घेतलं, की मत वगैरे हे वरचं बोलणं, पावसापाण्याचं, आणि आत अप्पाच्या हातात कंपनीचा हात आहे. नाहीतर व्यापारी माणूस उगाच रुमालाखाली हात कशाला घालील?

मला उठून सांगता आलं असतं. अरे, मी कंपनीचा कुणी नाही. पण हात आत होता आणि नियम दोन होते. शिवाय सिद्रामशी सौदा झालेला होता. मीच केला होता. त्याची तीन बोटं अजून माझ्या बोटांत गरम होती. मी काय विकत घेतलं होतं आणि कुणाच्या पैशानं, हे मला माहीत नव्हतं, पण भाव उतरवल्याचं समाधान हाताला झालेलं होतं, ते मी नाकारणार नाही.

खाली पायरीवर दुर्गव्वा लिंबं रचत होती. ती माझ्या पायरीवर कोथिंबीर, लिंबं, कढीपत्ता विकते. तिच्या आधी तिची आई विकायची. सगळी गल्ली अर्धी शटरं ओढून माझ्या दारात गोळा झालेली, त्यामुळे गिऱ्हाईक नव्हतं, आणि गिऱ्हाईक नसलं की दुर्गव्वाचं तोंड चालू होतं. सकाळी रुमाल झटकत होतो तेव्हाच तिनं मला धरलं होतं.

"एन अप्पा, आज मतदान म्हणं तुमचं?"

"हो."

"मग मी पण देते की."

"तू संघात नाहीस दुर्गव्वा. दुकानदारांचं मत असतंय."

"असं? महापालिकेला मी मत देते. बेंगळूरला कोण बसायचं ते मी सांगते. दिल्लीला कोण बसायचं ते मी सांगते. दारात येऊन पाया पडतात माझ्या, हे एवढे मोठे मोठे. आणि ह्या पायरीवर कोण बसायचं ते मला विचारायचं नाही होय?"

"पायरी माझी आहे."

"आणि मी?"

"तू बसतेस."

"बरं की. बसूनच देते मग," असं म्हणून तिनं एक नासकं लिंबू गटारात फेकलं, आणि मी हसलो. मला ते विनोदी वाटलं होतं. आता मांडीवर रुमाल, आत घामानं ओला होत चाललेला हात, आणि तिची पाठ समोर, तेव्हा तो विनोद कुठं गेला समजेना. गल्ली गेली तर दुर्गव्वाला कंपनी काहीच देणार नव्हती, कारण कागदावर ती नव्हतीच, आणि सरकत्या जिन्याच्या पायरीवर कुणाला बसता येत नाही. आणि गल्ली गेली तर मी जाणार होतो गावाबाहेर, रायापूरला. माझ्या मुलानं, श्रीनिधीनं, तिथं नवव्या मजल्यावर घर बुक केलंय. मला नेऊन दाखवलं. मोठ्या रस्त्यावरून चिगरी नावाच्या नव्या बस आवाज न करता जातात, वरून त्या लाकडी खेळण्यासारख्या दिसतात, आणि खिडकी उघडत नाही. अप्पा, इथं धूळ येत नाही, तो म्हणाला. मी त्याला सांगितलं, मला धूळ लागते. माझी फुप्फुसं दुर्गदबैलच्या धुळीनं आतून सारवलेली आहेत, ती धुतली तर भिंत पडेल. तो हसला नाही. हल्ली तो माझ्या गोष्टींना हसत नाही, मान हलवतो, डॉक्टरसारखी.

हात येत राहिले. मी मोजले नाहीत. हात ओळखायला मला तोंड बघावं लागत नाही. हळदीचा हात पिवळा वाटतो, अंधारातसुद्धा. लोखंडी सामानवाल्याच्या बोटांच्या पेरांवर घट्टे आहेत, तो धरतो तेव्हा नट आवळल्यासारखं होतं. खण विकणाऱ्या म्हाताऱ्याचा हात इतका हलका, की जणू तो कापडाचा पोत बघतोय. सगळ्यांनी बोटं धरली. कुणी तीन, कुणी चार, एकानं पाच धरून वर मनगटही दाबलं, म्हणजे तोंड मुख्य रस्त्याला आहे, लक्षात ठेवा. नुसता अंगठा कुणी धरला नाही. हे मला सगळ्यात भयानक वाटलं. निदान काहींना गल्ली खरोखर द्यायची असेल, मोकळ्या मनानं, नवं काही हवं म्हणून, अशा चार अंगठ्यांची मी वाट बघत होतो. होकारसुद्धा कुणी होकार म्हणून दिला नाही. मला लहानपणी शाळेत शिकवलं होतं, गुरुजी फळ्यावर हाताचं चित्र काढून सांगायचे, स्वतंत्र देशात राजालाही एक हात आणि रंकालाही एकच हात. खरं आहे. पण त्या हाताला पुढे बोटं काढायची ते गुरुजी विसरले. आणि बोटं प्रत्येकाला सारखी नसतात.

माझा हात तोवर कामाला लागला होता. मी त्याला थांबवत होतो असं मला वाटत होतं, पण तो थांबत नव्हता. चार आली की तीन धरायचा, तीन आली की थंड पडून राहायचा, एखादा फारच अडला तर अंगठ्यानं त्याच्या तळव्यावर गोल फिरवायचा. त्या गोलाचा अर्थ, तुझं म्हणणं मी वरपर्यंत पोचवतो. कुठं वर? माझ्यावर पंखा होता फक्त. वयात आल्यापासून हा हात हेच करत आला, त्याला दुसरं येत नाही. आमच्या ओळखीत एक व्यापारी होता, त्याला लग्नात भटजींनी नवरीचा हात हातात दिला. वर अंतरपाटाचं कापड पडलेलं. त्यानं सवयीनं तिची चार बोटं धरली. ती पण व्यापाऱ्याचीच मुलगी, तिनं दोन धरली. मंगलाष्टकं संपेपर्यंत पावणेतीनवर आले. तो संसार पावणेतीनच्या भावानं आयुष्यभर चालला, कधी घट नाही कधी वाढ नाही. ही गोष्ट मी रचलेली आहे. म्हणजे आत्तापर्यंत मी असं समजत होतो.

मग श्रीनिधीचा हात आला. माझं दुकान मधोमध प्लायवूड घालून आम्ही दोन केलं होतं. इकडं माझे तागे, तिकडं त्याचे तयार कपडे, त्यामुळे त्याला वेगळं मत. तो पायरी चढताना दुर्गव्वा म्हणाली, "सावकाश रे निद्दू, लिंबं आहेत," आणि तो चुकवून वर आला. समोर बसला. रुमालाखाली त्याचा हात शिरला तेव्हा मला कळलं, की ह्या हाताला मी कित्येक वर्षांत शिवलो नव्हतो. पाया पडतो तेव्हा हात माझ्या पायाला लागतो, माझ्या हाताला नाही. तो मऊ होता, मोबाईलनं गरम झालेला. हाच हात धरून मी ह्याला बैलगाड्या आणि रिक्षांमधून काढत शाळेला सोडायचो, लॅमिंग्टन रोडला, आणि हा मध्येच थांबून विचारायचा, अप्पा, तो माणूस एवढं ओझं घेऊन पडत का नाही? मी सांगायचो, त्याच्या डोक्यात लोहचुंबक आहे. ते त्याला खरं वाटायचं. संध्याकाळी तो आईला सांगायचा. आता तो माझ्या डोळ्यांत बघत होता, आणि मला वाटलं, हा मूठ ठेवील. ह्याला गल्ली नको हे खरं, पण माझ्या हातात तो बोटं धरणार नाही. बापाच्या हातात कोण भाव सांगतो? मी तळवा सपाट केला. त्याच्यासाठी मी तो वाटीसारखा खोल केला. त्याची बोटं आली, क्षणभर तिथं टेकली, आणि मग त्यांनी माझी पाचही बोटं मुळापासून धरली. पाच. मी हललो नाही. त्यानं सोडलं नाही. मी अंगठा सोडवून त्यानं गोल फिरवला. त्यानं तो पुन्हा पकडला, आणि पाच तशीच. वरून म्हणाला, "अप्पा, गोळी घेतली का दुपारची?"

"घेतली," मी म्हणालो. मताबद्दल नव्हतं, म्हणून बोलता आलं.

"पाणी देऊ?"

"नको."

पाच. सबंध गल्लीत एकालाही मी पाचावर टिकू दिलं नव्हतं. ह्याच्यापुढं माझा हात शेवटी सैल पडला आणि त्यानंच माझ्या तळव्यावर थाप मारली. मला शरम वाटली हे खरं आहे. पण त्या शरमेच्या आत, पेढ्यात केशराची काडी असावी तसा, अभिमान होता. शिकवलं नव्हतं मी त्याला. रक्तातच होतं. मग त्या अभिमानाचीच मला जास्त भीती वाटली.

शेवटचा प्रभंजन. त्याचं दुकान कोपऱ्यावर, गल्लीत सगळ्यात मोठं, आणि कंपनीला गल्लीत आणलं तेच मुळी त्यानं. त्यानं माझ्या तळव्यावर मूठ ठेवली. घट्ट, थंड, अंगठीचा खडा मला टोचला. मूठ! पहिली आणि एकटी. मी त्याच्याकडं बघितलं. तो हसत होता, सगळ्यांना दिसेल असं. मग मला समजलं, त्याचा सौदा आधीच कुठंतरी टेबलावर झालेला होता. आता त्याला माझ्या हातात काही मागायचं नव्हतं, म्हणून मत द्यायला तो एकटाच मोकळा होता. विरोधाची चैन त्याला परवडत होती. उद्या कुणी म्हणालं तर तो छातीवर हात ठेवून सांगू शकला असता, मी तर नाही म्हणालो होतो, देवाशपथ.

"झालं अप्पा," तो उठून म्हणाला. "सगळ्यांचं झालं. निकाल सांगा."

बाहेर उकडत होतं. कुणी टाळ्या वाजवायच्या तयारीत हात पुढं धरलेले. अश्विनी प्लास्टिकच्या खुर्चीत लॅपटॉप मिटून बसली होती. तिला हे सगळं फार सुंदर वाटत होतं, तिनं मघाशी फोनवर चित्रंही काढली होती, जुनी परंपरा म्हणून. मी बघितलं, सगळ्यांची तोंडं माझ्याकडं. प्रत्येकाच्या डोळ्यात एक छोटा कबूल झालेला आकडा, दिव्याच्या वातीसारखा. आणि मी ठरवलं, खरं सांगायचं. शेवटचं मत पडलं होतं, माझं सोडून. नियम सुटत आला होता. खोटं बोलून बोलून माझी दाढी पांढरी झाली, आज एकदा.

"ऐका," मी म्हणालो. "होकार कुणाचाच नाही. नकार एकाचा. बाकीच्यांनी मत दिलंच नाही. बाकीच्यांनी आपापला भाव सांगितला. माझ्या हाताला सगळ्यांनी कंपनी समजून घासाघीस केली. मी कुणी नाही रे. माझ्याकडं द्यायला काही नाही. गल्लीचं मत पडलंच नाही अजून."

हातगाडीचं एक चाक कुठं तरी कुरकुरलं. मग भांड्याच्या दुकानवाला हसायला लागला. तो हसला म्हणून हळदवाला हसला. मग सगळी गल्ली. पोट धरून, मांड्यांवर थापा मारून, डोळे पुसून. "अप्पा म्हणजे अप्पा!" "विंचवाच्या वरची झाली ही!" "मढ्याला सुद्धा भाव मागायला लावतील हे!" हे मढेवालाच म्हणाला. मी बघत होतो, हसताना त्यांच्यातला कुणी दुसऱ्याकडं बघत नव्हता. प्रत्येकजण माझ्याकडं बघून हसत होता, कारण शेजाऱ्याकडं बघितलं असतं तर शेजारीही तसाच हसताना दिसला असता. श्रीनिधी हसला. किती दिवसांनी माझ्या गोष्टीला तो हसला. सिद्राम तेवढा हसला नाही. तो पोत्यावर बसून आपल्या नखांकडं बघत होता.

"बरं, आता खरं सांगा अप्पा," प्रभंजन डोळे पुसत म्हणाला. "आणि हो, तुमचा हात राहिलाय की अजून. गादीवरच्याचं मत शेवटी."

ते मी विसरलो नव्हतो, ते मी लांबवलं होतं. गादीवरच्या माणसानं आपला उजवा हात रुमालाखाली घालायचा आणि आपल्याच डाव्या हातात आपलं मत द्यायचं. वडिलांनी घालून दिलेला नियम. डावा हात संघाचा, उजवा आपला. आजवर मतं घेतली ती डाव्यानं. मी उजव्या हाताची मूठ केली. ती करताना मला बरं वाटलं. वाटलं, ही एक मूठ तरी विकली न जाणारी असेल, निदान दुर्गव्वाच्या पायरीपुरती, निदान ह्या धुळीपुरती. मूठ घट्ट आवळून रुमालाखाली नेली आणि डाव्या तळव्यावर ठेवली. आत दमट होतं, सगळ्यांच्या घामाचं, जणू मी माझा हात दुसऱ्याच्या तोंडात घातला होता. आता काढायचा आणि सांगायचं, नाही. गल्ली नाही म्हणते. माझ्या शब्दाला कुणी आव्हान देऊ शकलं नसतं. ज्याला द्यायचं होतं त्याला आधी सगळ्यांसमोर कबूल करावं लागलं असतं, की मी भाव सांगितला होता. एवढ्या अडकलेल्या माणसांना मी एका शब्दात अडकवून ठेवू शकत होतो. माझी गल्ली, माझं लबाड राज्य.

पण डावा हात काही सोडेना. तो मुठीखाली थंड पडून राहिला. मला तो थंडपणा माहीत होता. मी स्वतः तो आयुष्यभर वापरला होता, आणि त्याच्यापुढं भले भले सैल पडलेले बघितले होते. असं थंड राहिलं की समोरच्याला वाटतं, मी काहीतरी कमी समजतोय का? मी वेडेपणा करतोय का? मग डाव्या अंगठ्यानं माझ्या मुठीवर गोल फिरवला. हळू. वरपर्यंत पोचवतो. आणि मला, मलाच, बाहेर सगळी गल्ली बघत असताना, नवव्या मजल्यावरची न उघडणारी खिडकी दिसली, आणि ती पूर्वीइतकी वाईट दिसली नाही. गुडघे दिसले, माझे, ह्या पायरीवर रोज तीनदा चढणारे. श्रीनिधीचा हात आठवला, पाचावर घट्ट. एकटा राहून काय करशील, असं कुणी म्हणालं नाही, पण मूठ ते ऐकत होती. सगळे गेल्यावर एकटी उरलेली मूठ तत्त्वानं उरत नाही. तिच्यासमोर कुणी हात पुढं करीत नाही, एवढ्यानंच ती मूठ राहते. माझं एक बोट सुटलं. मी ते परत मिटवायचा प्रयत्न केला. डाव्या हातानं ते मिटवू दिलं नाही, आणि मग दुसरं सुटलं.

"काय अप्पा, झोपला काय?" कुणी तरी ओरडलं. रुमाल हलत होता. बाहेरून तो असा दिसत असणार, की आत दोन उंदीर आहेत. मी हसून बघितलं. हसू येईना. मी म्हणणार होतो, थांबा, एक गोष्ट सांगतो, आमच्या आजोबांचा एक घोडा होता. पण तोंड उघडलं आणि घोडा आला नाही. आयुष्यात पहिल्यांदा गोष्ट आली नाही. आत माझ्या उजव्या हातानं डाव्याची बोटं धरली होती आणि डावा त्यातलं एक सोडवून घ्यायच्या खटपटीत होता. दोघंही माझेच. मी मध्ये कुठं बसलो होतो?

दुर्गव्वा उठली. ती लिंबांची पाटी कमरेला लावून पायरीवर चढली, तशीच, ओल्या हातानं. कुणाला विचारलं नाही. "बाई, दुकानदारांचं चाललंय," कुणी म्हणालं. "चालू द्या की," ती म्हणाली. ती माझ्यासमोर येऊन उभी राहिली, बराच वेळ त्या हलणाऱ्या रुमालाकडं बघत राहिली आणि मग मला म्हणाली,

"झाकून काय धरलाय अप्पा एवढं? माझी पायरी हाय त्यात. बघू द्या मला."

आणि तिनं रुमाल ओढला.

ओल्या बोटांत तो लोंबत राहिला. माझे दोन्ही हात उजेडात मांडीवर होते. उजव्या हातानं डाव्याची दोन बोटं धरली होती, घट्ट, आणि डाव्याचा तळवा वर होता, थाप घ्यायच्या बेतात. मला ते सोडवता येईनात. गल्लीतला प्रत्येकजण ती लिपी वाचणारा. एकेकाचं हसू थांबत गेलं. प्रभंजन काही बोलायला पुढं झाला आणि मागं सरला. श्रीनिधीनं माझ्या हातांकडं बघितलं आणि मग स्वतःच्या पायांकडं. दुर्गव्वाला वाचता येत नव्हतं. ती वाकून बघत होती, एकदा उजव्याकडं, एकदा डाव्याकडं.

"हे काय आता?" ती म्हणाली. "हो, का नाही?"

अश्विनी उभी राहून सगळ्यांकडं बघत होती, कुणी भाषांतर करून सांगेल अशा आशेनं. मग सिद्राम पोत्यावरून उठला, पायरीपाशी आला, चष्मा कपाळावर सरकवून माझ्या बोटांवर वाकला, आणि घरात कुणी आजारी असलं की जसं हळू बोलतात तसं म्हणाला,

"कमी सांगितलंस, हणम्या."